वेदीपाशी वाचली जाणारी यादी

सिल्वासाचं जुनं कॅथलिक चर्च ‘नोसा सेन्योरा दा पिएदाद’ला वाहिलेलं आहे. पिएदाद म्हणजे क्रुसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली मरिया. जिचं स्वतःचं लेकरू वाचलं नाही, तिलाच लोक आपल्या लेकरांसाठी देवाकडे शब्द टाकायला सांगतात. पोर्तुगीजांनी हे नाव हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी दिलं. तरी जिच्याकडे मागायचं तीही हरलेली असावी, या निवडीत माणसाची बरीच समज आहे असं मला वाटतं.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू होण्याआधी कुणीतरी माइकपाशी जाऊन नावं वाचतं. अमक्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, तमकीचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आभार. यादी संपली की धर्मगुरू क्रुसाची खूण करतात. दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं, म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना, याविषयी ईश्वरशास्त्रात ग्रंथांचे ढीग आहेत. मला मात्र तिचा इतिहास या यादीवरून जास्त कळतो. कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं गाळायचं, वाचायचं कुणी आणि वाचण्याबद्दल द्यायचं काय, यावर ख्रिस्ती जग दोन हजार वर्षं भांडत आलं आहे.

यादी मुळात ख्रिस्ती नाही. ती दगडावर कोरलेली होती. निर्गमाच्या पुस्तकात मुख्य याजक अहरोनाच्या उरपटावर बारा रत्नं आणि त्यांवर इस्राएलच्या बारा वंशांची नावं आहेत. पवित्र स्थानात जाताना त्यानं ती छातीवर वागवायची. देवापुढे उभा राहणार एक, पण जाणार बाराजणांची नावं घेऊन. त्याच पुस्तकात पुढे लोक सोन्याचं वासरू करतात, देव भडकतो आणि मोशे मध्ये पडतो: यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या वहीतून माझं नाव खोडून टाक. दुसऱ्यांची नावं वाचवायला स्वतःचं नाव पणाला लावणं हे या परंपरेचं सर्वांत उंच टोक. नंतरच्या कुठल्याही पोथीत यापुढे कुणी गेलेलं मला दिसत नाही.

त्याआधीचा अब्राहाम वेगळ्या जातीचा. सदोम नगरासाठी तो देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. दहाला तो थांबतो, देव निघून जातो, आणि नगर जळतं. अब्राहामानं एकही नाव घेतलं नव्हतं, नुसते आकडे मांडले होते. आकड्यांच्या प्रार्थनेत माणसं हातची जातात, असा अर्थ मी त्यातून काढतो. तो माझा, टीकाकारांचा नव्हे.

येशू पेत्रासाठी प्रार्थना करतो तेव्हा त्याला ‘शिमोना, शिमोना’ अशी दोनदा हाक मारतो. पौलाची पत्रं तर नावांनी भरलेली आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सगळ्या माणसांसाठी, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायची आज्ञा आहे. राजा कोणता, ते पत्र सांगत नाही. त्या काळी गादीवर होते ते सम्राट ख्रिस्ती नव्हते, आणि पुढे त्यांच्याच राज्यात ख्रिस्त्यांचा छळ झाला. इ. स. १९७च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्यानानं या आज्ञेचा बचावासाठी उपयोग केला: आम्ही सम्राटाला बळी अर्पण करत नाही हे खरं, पण त्याच्यासाठी प्रार्थना करतो. पौलाच्या त्याच अध्यायात दोन-चार ओळींनंतर असंही येतं की देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. पंधराशे वर्षांनी जो भडका उडाला त्याचं लाकूड आणि काडी, दोन्ही एकाच पानावर होती.

दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की वाचनं आणि प्रवचन झालं की सगळे मिळून उभे राहतात आणि प्रार्थना करतात. म्हणजे तेव्हा सगळी मंडळी मागत होती. हळूहळू वेदीपाशी घडीच्या पाट्या आल्या. एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. नाव पाटीवर असणं म्हणजे मंडळीत असणं, आणि खोडलं जाणं म्हणजे बाहेर. कार्थेजचा बिशप सिप्रियन याचं एक पत्र आहे. गेमिनियस व्हिक्टर नावाच्या गृहस्थानं मृत्युपत्रात एका धर्मगुरूला व्यवस्थापक नेमलं. धर्मगुरूंना संसारी व्यवहारात ओढायचं नाही असा नियम होता. सिप्रियननं हुकूम काढला की वेदीपाशी याचं नाव घ्यायचं नाही. मेलेल्या माणसाला याहून मोठा दंड त्या काळच्या बिशपच्या हातात नव्हता. पुढे जॉन क्रिसोस्तोमसारख्या थोर वक्त्याचं नाव पाट्यांवरून उतरवलं गेलं. तो हद्दपारीत ४०७ साली वारला आणि ते नाव परत चढवायला पौर्वात्य चर्चला काही वर्षं वाद घालावा लागला.

पैसाही लवकरच आला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बेथलेहेममध्ये बसून जेरोम कुरकुर करतो: चर्चमध्ये आता डीकन मोठ्यानं वाचतो, अमक्यानं इतकं दिलं, तमक्यानं इतकं कबूल केलं, आणि लोक टाळ्या वाजवतात. गणपती मंडळाच्या भोंग्यावरून वर्गणीदारांची नावं ऐकलेल्या माणसाला जेरोम काय म्हणतोय हे समजावून सांगायला नको.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही बघायला हवी. ३८७ साली ओस्तिया बंदरात मोनिका मरणाला टेकली. आफ्रिकेत, नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं अशी तिची आधीची हौस. ऐन वेळी ती मुलांना म्हणाली की शरीर कुठंही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तिचा मुलगा ऑगस्टीन. त्यानं आपल्या आत्मकथनात वाचकांनाच विनवलं की माझ्या आईबापांची नावं तुमच्या प्रार्थनेत घ्या. छापखाना नसलेल्या जगात त्यानं पुस्तकाचीच यादी केली.

मध्ययुगात यादी फुगली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरला ग्रेगरी युस्तुस नावाच्या संन्याशाची गोष्ट सांगतो. सोन्याची तीन नाणी लपवलेली सापडली म्हणून त्याला नाण्यांसकट उकिरड्यावर पुरलं. मग ग्रेगरीचं मन द्रवलं आणि त्यानं तीस दिवस रोज त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला लावली. तिसाव्या दिवशी युस्तुस भावाच्या स्वप्नात येऊन म्हणाला, आता बरं आहे. ‘ग्रेगोरियन मिस्सा’ म्हणजे लागोपाठ तीस मिस्सा, हा प्रघात या गोष्टीवरून पडला आणि आजही टिकून आहे. सुमारे ९९८ साली क्लूनीचा मठाधिपती ओदिलो यानं २ नोव्हेंबर हा सगळ्या मृतांचा दिवस आपल्या मठांत सुरू केला. जर्मनीतल्या राइखेनाऊ मठाच्या नवव्या शतकातल्या वहीत अडतीस हजारांहून जास्त नावं आहेत. इतकी नावं रोज वाचणार कोण? ती वही वेदीवर नुसती ठेवली जाई. देवाला वाचता येतं, एवढा भरवसा पुरे.

पोर्तुगीज हिंदुस्थानात आले ते हा सगळा सरंजाम घेऊनच. १४९८च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोचला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लिस्बनमध्ये मिझेरिकॉर्दिया ही दयाकार्याची संस्था स्थापन झाली आणि पंचवीस वर्षांच्या आत तिची शाखा गोव्यातही आली. पुढे वसई आणि दमणलाही आली. या संस्थेपुढे दयेची चौदा कृत्यं होती, सात देहाची नि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, कैद्याची विचारपूस, मेलेल्याला मूठमाती अशी ती यादी जाते, आणि आत्म्याच्या सातांतलं शेवटचं कृत्य म्हणजे जिवंतांसाठी व मृतांसाठी देवाची प्रार्थना. फाशीच्या कैद्याबरोबर वधस्तंभापर्यंत चालत जाणं हेही मिझेरिकॉर्दियाच्या भावांचं काम. शिवाय गावोगावच्या चर्चमध्ये कोंफ्रारिया, म्हणजे भाविकांची मंडळं, होत्या. त्यांत ‘आल्मां’ची, म्हणजे शुद्धिस्थानात स्वर्गाची वाट पाहणाऱ्या आत्म्यांची कोंफ्रारिया ठिकठिकाणी असे. सभासद मेला की उरलेल्यांनी त्याच्यासाठी मिस्सा करवायच्या, हा करारच. विमा कंपन्या यायच्या कितीतरी आधी गोव्याच्या गावकऱ्यांनी परलोकाचा हप्ता भरायला सुरुवात केली होती.

हीच सत्ता देवळं पाडत होती आणि १५६०पासून इन्क्विझिशन चालवत होती, हे विसरून हा इतिहास सांगता येत नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती त्यांतल्या कित्येकांनी ती मागितली नव्हती. गुड फ्रायडेच्या जुन्या लॅटिन प्रार्थनांत ज्यूंसाठीही एक प्रार्थना असे. तिच्यात त्यांना विश्वासघातकी अशा अर्थाचं विशेषण होतं, आणि बाकी प्रत्येक प्रार्थनेला गुडघे टेकणारी मंडळी या एकाच प्रार्थनेला, कारोलिंगी काळापासून, टेकत नसे. गुडघे टेकणं १९५५ साली परत आलं आणि विशेषण १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी काढून टाकलं. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना त्याचा अपमानही करू शकते. हजार वर्षं ती करत होती.

मराठी वाचकाला इथं ज्ञानदेवांचं पसायदान आठवेल. पण त्यात नाव एकही नाही, यादीच नाही. विश्वाएवढी मागणी आहे. चर्चची मागणी एखाद्या फर्नांडिसबाईच्या दुखऱ्या गुडघ्याएवढी असते. दोन्हींची आपापली ताकद आहे. ज्ञानदेवांची ओवी फादर थॉमस स्टीफन्सनं उचलली आणि १६१६ साली रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. १६२२ साली, त्याच्या मरणानंतर तीन वर्षांनी, त्याची कोकणी प्रश्नोत्तरी निघाली. मरियेला ‘आम्हां पाप्यांसाठी विनव’ अशी गळ घालणारा ‘नमो मारिये’चा उत्तरार्ध तेव्हा किती नवा होता बघा. तो रोमच्या अधिकृत प्रार्थनापुस्तकात १५६८ साली आला. इंग्लंडात जन्मलेला स्टीफन्स तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता.

तिकडे युरोपात याद्यांवर काट मारायचं काम सुरू झालं होतं. १५१७ साली ल्यूथरनं पापक्षमेच्या पत्रांवर बोट ठेवलं आणि मग ‘मध्यस्थ एकच’ हे वचन पुढे आलं. संतांना विनवू नका, मेलेल्यांसाठी मागू नका, जिवंतांसाठी खुशाल मागा. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात हा बदल एका शब्दगुच्छात दिसतो. १५४९च्या आवृत्तीत ख्रिस्ताच्या सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना होती. १५५२ साली तिला पुस्ती जोडली गेली: जी मंडळी इथं पृथ्वीवर लढते आहे तिच्यासाठी. मेलेले एका फटक्यात यादीबाहेर. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५६३ साली उलट ठराव केला, की संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगी आहे, शुद्धिस्थानही आहे, पण त्याच्या नावावर धंदा नको. म्हणजे धंदा चालू होता हे रोमनंही लिहून दिलं.

आता नगर हवेली, म्हणजे सिल्वासाचा मुलूख. वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी तलवारीनं घेतली. नंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांचं ‘सांताना’ जहाज पकडलं. त्याच्या भरपाईपोटी पुणे दरबारानं १७७९च्या तहात जो महसूल कबूल केला, त्यासाठी १७८३ साली नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांच्या हाती गेली. दादरा त्यांनी १७८५ साली विकत घेतलं. सिल्वासा मुख्य ठाणं झालं ते १८८५ साली. दुसऱ्याच वर्षी पोपनं दमणला वेगळा बिशप दिला आणि १९२८ साली ते पीठ गोव्याला जोडलं. आजही सिल्वासा गोवा व दमणच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतं.

इथं रानातले वारली, कोकणा, धोडिया मध्यस्थ शिकायला चर्चची वाट बघत बसले नव्हते. आजारी माणसासाठी देवांशी बोलणारा भगत पाड्यापाड्यावर होता. चारी बाजूंच्या ब्रिटिश मुलखात दुसरेही मध्यस्थ आले. अमेरिकेतल्या ब्रेदरन मंडळीचे मिशनरी १८९५ साली बलसाडला उतरले आणि काही वर्षांत डहाणूपर्यंत पसरले. संतांना न विनवणारी ही माणसं याकोबाच्या पत्राप्रमाणे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करत. १९७० साली यांतली बरीच मंडळी उत्तर भारताच्या चर्चमध्ये, म्हणजे सीएनआयमध्ये, सामील झाली. आजाऱ्यासाठी प्रार्थना हीच या पट्ट्यात वादाची जागा ठरली. एकाला ती कणव दिसते, दुसऱ्याला आमिष. गुजरातनं २००३ साली धर्मांतराविरुद्ध कायदा केला तो याच संशयातून. आदिवासीला काय वाटतं हे दोन्ही बाजूंनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कुणी कुणासाठी मागायचं, हा प्रश्न मराठी मुलखात एका बाईनं वेगळ्या रीतीनं सोडवला होता. केडगावच्या मुक्ती सदनात जानेवारी १९०५मध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या. सत्तरेक जणी उभ्या राहिल्या. पुढे संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. सुरुवातीला मागणं होतं ते हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांसाठी, त्यांत त्या स्वतःही आल्या. दुसऱ्याला सुधार म्हणण्याआधी स्वतःला यादीत घालायचं हे रमाबाईंचं खास वळण. मग नावं जमू लागली. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की मुक्तीत रोज एकोणतीस हजारांहून जास्त माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना होते. राइखेनाऊच्या वहीच्या जवळ जाणारा हा आकडा, फरक इतकाच की इथं नावं उच्चारली जात होती. आणि कोण उच्चारत होतं? बालविधवा, दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी. साऱ्या जगाच्या मिशनरी पत्रकांत ज्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून आवाहनं छापली जात होती, त्याच इथं इतरांसाठी मागायला बसल्या होत्या. या साऱ्या मागोव्यात मला एक जागा निवडायची तर मी केडगाव निवडेन.

सिल्वासाच्या चर्चमध्ये मात्र त्या काळी यादी धर्मगुरूच्याच हातात होती. मिस्सेचा गाभा लॅटिनमध्ये, तोही पुटपुटत म्हणायचा. त्यात पोपचं आणि आपल्या बिशपचं नाव रोज घ्यायचं असा नियम. २२ जुलै १९५४ला दादरा पोर्तुगीजांपासून मुक्त झालं. ते घेणाऱ्या तुकडीचा पुढारी फ्रान्सिस मस्कारेन्हस हा गोवेकर ख्रिस्ती. आझाद गोमंतक दलाच्या आणि इतरांच्या तुकड्यांनी २ ऑगस्टला सिल्वासा घेतलं. पुढची सात वर्षं तिथं ना पोर्तुगाल ना भारत, वरिष्ठ पंचायतीचा स्वतंत्र कारभार. पोर्तुगालनं हेगच्या न्यायालयात दमणहून नगर हवेलीला जायच्या वाटेचा हक्क मागितला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला की साध्या माणसांना आणि मालाला वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारतानं वाट अडवली यात गैर काही नाही. चर्चच्या नियमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबी सिल्वासाच्या वेदीवर आपला बिशप म्हणून जे नाव पुटपुटायचं ते पणजीत बसलेल्या पोर्तुगीज आर्चबिशपांचं, जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ यांचं. पोर्तुगीज शिपायांना बंद झालेल्या वाटेवरून हे एक नाव मात्र रोज ये-जा करत राहायचं. ११ ऑगस्ट १९६१ला नगर हवेली भारतात विलीन झाली, आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

दोनच वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्याच्या ५३व्या कलमानं जस्टिनच्या वेळची, पुढे लोप पावलेली लोकांची प्रार्थना परत आणली. त्यात चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, अडल्यानडल्यांसाठी आणि सगळ्या जगासाठी मागायचं, तेही लोकांच्या भाषेत. हीच ती श्रद्धावंतांची प्रार्थना. आता मागणं बाकांवरून येतं. वाचायला शाळकरी मुलगी उभी राहते, किंवा कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला फिटर. आणि सिल्वासाच्या कारखान्यांनी केरळपासून बिहारपर्यंतची माणसं गोळा केली असल्यानं या गावात कुठलीही यादी एका भाषेत मावत नाही.

पैशाचा प्रश्न तेवढा तसाच राहिला. चर्चच्या कायद्यानुसार ज्या हेतूसाठी दान घेतलं त्याची मिस्सा वेगळी व्हायला हवी. एकाच मिस्सेत पंधरा नावं कोंबून पंधरा दानं घेण्याची सवय वाढली, तेव्हा २२ फेब्रुवारी १९९१ला रोमनं हुकूम काढला. असं करायचं तर दान देणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगायचं, मिस्सेची जागा आणि वेळ जाहीर करायची, आणि हे आठवड्यातून दोनदाच, असा तेव्हाचा नियम होता. धर्मगुरूनं त्यातलं एकाच मिस्सेचं ठरलेलं दान स्वतःकडे ठेवायचं. बाकीचे पैसे बिशपांकडे पाठवायचे, ते ठरवतील त्या कामासाठी. जेरोम असता तर त्यानं हा हिशेबही तपासला असता. सिल्वासाच्या बाबतीत उरलेल्या चौदा नावांचे पैसे महाराष्ट्र ओलांडून पणजीला जमा करायचे.